सव्वा महिन्यातलं ऑपरेशन

‘छोटंसं तर ऑपरेशन आहे’ हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं, त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा. ज्या पोरावर ते व्हायचं असतं त्याच्या आईला छोटं-मोठं काही कळत नाही. त्यातून ती आई बाळंतीण असेल, कानाला स्कार्फ, अंगाला तेल आणि मांडीवर सारखं पिणारं बाळ, तर तिला आज वार कुठला हेही विचारू नये. त्या दिवसांतलं मला काहीच सलग आठवत नाही. मधेच सगळं धूसर होतं, आणि मधेच एखादी गोष्ट इतकी स्वच्छ दिसते की वाटतं हे कालच झालं.

दुसऱ्या बाळंतपणाला मी माहेरी होते, कळंबला. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, अशी आमच्याकडची रीत. पण माझ्या सासरी, पिंपळीला, ढोबळी मिरचीचे तोडे ऐन भरात आले होते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्याच म्हणाल्या, “जा तू कळंबला. हितं तुज्याकडं बगायला कुनाला येळ हाय? पोराला बी घिऊन जा.” म्हणून मी साडेचार वर्षांच्या पोराला घेऊन आईकडं आले, आणि तिथं मुलगी झाली. सगळे म्हणाले, एक मुलगा एक मुलगी, आता काय पाहिजे. मला झोप पाहिजे होती, पण ते कुणी विचारलं नाही.

बाळ घरात आलं तसं पोरगं बिनसलं. दिवसभर मागच्या खोलीच्या दाराशी घुटमळायचं. आत आलं की बाळाचं नाक दाब, पाय ओढ, माझ्या दुधाच्या पेल्यात बोट घाल. मी ओरडले की भोकाड. आईच्या घरात ओव्याची धुरी, शेगडी, वाळत घातलेली दुपटी, आणि त्यात हे दोन्ही बाजूंनी चाललेलं रडगाणं. मला कधीकधी खरंच कळायचं नाही की आत्ता कोण रडतंय. एकदा तर मी त्याला थोपटत होते आणि पाळणा मोकळाच हलवत होते, बाळ आईकडं होतं.

अशात एका सकाळी त्याला आंघोळ घालता घालता आईनं बाहेरून आवाज दिला, “पोराला अवधान आलंय ग.”

पायाला काही लागलं, जखम चिघळली, की जांघेत गाठ येते. तिला आमच्याकडं अवधान म्हणतात. आणि हा पठ्ठ्या आदल्याच दिवशी तोडणी झालेल्या उसाच्या रानात अनवाणी नाचून आला होता, बुडखा तळपायात घुसवून. म्हणजे कारण हजर, गाठ हजर, आणखी काय पाहिजे? आईनं एरंडाचं पान तव्यावर गरम केलं, तेल लावलं आणि गाठीवर बांधलं. सकाळी उठून बघतात तर गाठ गायब. आई दिवसभर खुशीत होती. संध्याकाळी तो अंगणात उड्या मारून आला तर गाठ पुन्हा जागेवर.

आठवडाभर हे चाललं. रात्री पान बांधायचं, सकाळी गाठ नाही, संध्याकाळी गाठ आहे. तळपायाची जखम केव्हाच भरून आली होती. मी आईला म्हटलं, “अगं, पाय बरा झाला, मग हे काय राहिलंय?” आई म्हणाली, “अवधान असंच असतंय, जाता जाता जातंय.” मी बोटानं दाबून बघितलं तर ती आत गेली, अगदी गुपचूप, आणि मला वाटलं माझ्याच डोळ्यांचा दोष. त्या दिवसांत मला स्वतःवर कशाचाच भरवसा नव्हता. आईवर होता, कारण तिनं पाच भावंडं वाढवली होती.

मग ती दुपार आली. त्याला माझ्या मांडीवर बसायचं होतं आणि मांडीवर बाळ पीत होतं. मी म्हटलं, थांब जरा. तो थांबला नाही. रडायला लागला, हट्टाचं रडणं, नेहमीचं. पण ते थांबेना. मग त्यानं पोट धरलं आणि ओकला. चड्डी खाली केली तर गाठ लिंबाएवढी, कडक, लालसर, आणि हात लावू देईना. मी बाळाला खाली ठेवून उठलेच. माझ्या धाकट्या भावानं गाडी काढली. मी दारापर्यंत गेले, तर आईनं चौकटीत आडवा हात धरला.

“तू न्हाय जायाचं. सव्वा महिना व्हायचाय.”

सव्वा महिना बाळंतिणीनं आणि बाळानं उंबरा ओलांडायचा नाही. वारा बाधतो, नजर लागते, आणखी काय काय. मी आईचा हात बाजूला सारू शकले असते. पण मागं बाळ किंचाळत होतं, पुढं गाडीत पोरगं किंचाळत होतं, आणि मी मधे उभी होते. माझे पाय कुठल्याच बाजूला हलले नाहीत. भावानं वाट बघितली नाही, गाडी नेली. मी आत येऊन बाळाला पाजलं.

नवरा पिंपळीहून थेट बारामतीला दवाखान्यात पोचला. त्याचा फोन आला तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टरांनी गाठ हळूहळू आत ढकलली होती. अवधान-बिवधान काही नाही, हर्निया आहे, म्हणाले. आतडं खाली उतरतंय, एकदा अडकलं ते पुन्हा अडकेल, आणि तेव्हा आत गेलं नाही तर जिवाशी खेळ आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून घ्या. “छोटंसं आहे म्हणाले,” नवरा म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण वाक्य तेच.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “डाक्टरास्नी काय कळतंय, अवधानच हुतं.” मग स्वयंपाकघरात गेली. मी तिला काही बोलले नाही. एरवी मी बोलल्याशिवाय राहिले नसते. पण परड्यातला तो एरंड दुसऱ्या दिवशी तिनं मुळासकट उपटलेला मी बघितला, तेव्हा माझा राग कुठं ठेवावा हेच मला समजेना.

आता प्रश्न असा की ऑपरेशनला पोराबरोबर कोण जाणार. ह्या प्रश्नावर दोन घरांत मिळून जेवढी माणसं, त्याहून जास्त मतं. आई म्हणाली, बाळंतिणीनं जायचं नाही, विषय संपला. आत्या फोनवर म्हणाल्या, “तू बस गप घरात. मी हाय की त्याच्यापशी, मी काय परकी हाय का?” नवरा म्हणाला, तुला वाटतंय तसं कर. ह्याच्याइतकं निरुपयोगी वाक्य दुसरं नाही. बाळाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या लहान बाळाला दवाखान्यातल्या गर्दीत आणू नका. बाळ तर दर थोड्या वेळानं अंगावर प्यायचं, बाटली तोंडात धरत नव्हतं. म्हणजे मी जायचं तर बाळ येणार, बाळ यायचं नसेल तर मी जाणार नाही. सकाळी मला वाटायचं, जायलाच पाहिजे. दुपारी वाटायचं, आत्या आहेत, बाप आहे, काय अडलंय. संध्याकाळी दोन्ही वाटायचं. शेवटी मी कुणालाच काही सांगितलं नाही, आणि सगळ्यांनी ते ‘नाही’ असं धरून टाकलं.

आणि पोरगं? पोरगं एकदम शहाणं झालं. दवाखान्यातून आल्यावर दोन-तीन दिवसांत असं काही बदललं की सगळं घर बघत राहिलं. हातानं जेवायला लागलं. रात्री माझ्याजवळ झोपायचा हट्ट गेला, आपणहून आज्जीच्या अंथरुणावर जायचं. बाळाचं नाक नाही, पाय नाही. स्वतःचा पिवळा जेसीबी आणून बाळाच्या उशाशी ठेवला. आई म्हणाली, “दुखन्यानं पोर सुदारलं बग.” मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दिवसातून एकदा तरी निवांत बसायला मिळत होतं. फक्त त्याच्याकडं बघितलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. का, ते कळत नव्हतं. मी म्हणायचे, बाळंतपणाचं असेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी नवरा त्याला न्यायला येणार होता. रात्री पिंपळीला झोपायचं आणि सकाळी उपाशीपोटी बारामतीला, असं ठरलं होतं. मी न्हाणीघरातून येत होते. खोलीत त्याचा आवाज ऐकला म्हणून दाराशीच थांबले. तो पाळण्याला धरून बाळाशी बोलत होता.

“मम्मीला लाईट बंद करू द्यायची न्हाय. रडायचं, म्हंजी ती चालू ठिवती. आन मामाच्या त्या काळ्या कुत्र्याला हात लावू नको, चावतंय. पिंपळीला गेल्यावर पप्पाच्या गाडीवर फुडं बसायचं. माजी जागा फुडं हाय. ती तू घे.”

मी आत गेले. म्हटलं, “आणि तू कुठं बसणार?”

तो म्हणाला, “मी हितं नसनार ना.”

“मग कुठं असणार?”

“दवाखान्यात.” असं म्हणाला की जणू मलाच माहीत नाही म्हणून तो सांगतोय.

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. त्याच्या मामानं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, त्याला सांगितलं होतं. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी गॅसची गाडी आली होती. भरलेला सिलेंडर उतरवला, मोकळा गाडीत टाकला. पोरानं विचारलं, त्यो का घिऊन गेले? मामा म्हणाला, नवा दिला की जुना परत द्यावा लागतो. आणि एवढ्यावर गप्प बसेल तर तो माझा भाऊ कसला. पुढं म्हणाला, तुला पण आमी बारामतीच्या दवाखान्यातनंच आणलंय. आता नवं बाळ आणलं, मग जुनं बाळ द्यावं लागणार की न्हाय?

चेष्टा. आमच्याकडं प्रत्येक पोराची ही चेष्टा होते. मला सांगायचे, तुला बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलंय. मी हसायचे. पण मला त्यानंतर कुणी बोहारणीकडं नेलं नव्हतं. ह्याला खरोखरच दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं, घरात सगळे हळू आवाजात बोलत होते, आणि त्याच्या पिशवीत त्याचे कपडे भरले जात होते.

मी आधी हसले. का हसले देव जाणे. मग त्याला जवळ ओढलं आणि घडाघडा बोलायला लागले. असं काही नसतं बाळा, मामा खोटारडा आहे, डॉक्टर फक्त ती गाठ बरी करणार, मग तू परत यायचं, तुझी आई कोण, मीच की नाही? तो ऐकत राहिला. सगळं ऐकून म्हणाला, “व्हय.” मोठ्या माणसाला बरं वाटावं म्हणून म्हणतात तसं. आणि मला लख्ख समजलं की ह्यातला एक शब्द त्याच्या आत गेलेला नाही. त्याच्या चांगल्या वागण्याचा अर्थ मला तेव्हा लागला. चांगलं वागलं तर कदाचित ठेवून घेतील, असं तो चार दिवस करून बघत होता. आणि आता ते जमलं नाही म्हणून सगळं बाळाच्या हवाली करून निघाला होता.

मग त्यानं विचारलं, “तू येनार हायस का तितं?”

“येणार,” मी म्हटलं. “तू डोळे उघडशील ना, तेव्हा समोर मीच दिसणार.” हे मी ठरवून बोलले नाही. तोंडातून गेलं ते गेलं.

भावाला मी त्या दुपारी ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाही. तो नुसता म्हणत राहिला, “चेष्टा केली ग ताई.” त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मग आईशी जुंपली. आई म्हणाली, सव्वा महिन्यात बाहेर काढलेल्या बाळाला काही झालं तर? मी म्हटलं, आणि आत ठेवलेल्या पोराचं झालंय ते? मला लगेच वाईट वाटलं आणि तरी मी तोंड मिटलं नाही. शेवटी ती म्हणाली, “मग मी बी येते. बाळ गाडीतनं खाली उतरायचं न्हाय.” नवऱ्यानं पोराला नेलं. जाताना पोरानं मला हात केला. पाहुणे करतात तसा.

सकाळी निघालो. बाळाच्या दुपट्याखाली अडकित्ता, तळपायाला काजळाचा ठिपका, गाडीच्या काचेला कडुलिंबाची डहाळी. आईनं माझी आणि बाळाची मीठमोहरीनं दृष्ट काढली, वर मला बजावलं की कालवा ओलांडताना बाळाच्या तोंडावर पदर धर. मी सगळं केलं. त्या सकाळी मला कुणी झाडाला फेऱ्या मारायला सांगितलं असतं तरी मारल्या असत्या. कारखाने चालू होते. जंक्शन गावापासून पुढं उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक, दोन-दोन जोडलेल्या, रस्ता भरून. भाऊ हॉर्न वाजवून थकला. एका ट्रॅक्टरवाल्यानं गाणी इतकी मोठ्यानं लावली होती की त्याला काही ऐकूच जात नव्हतं. मी मागं बसून बाळाला पाजत होते आणि मनात म्हणत होते, आत नेऊ नका, आत नेऊ नका.

नेलं नव्हतं. बाळाला आईजवळ गाडीत ठेवून मी जिना चढले, तर तो खाटेवर बसला होता, दवाखान्याचा हिरवा सदरा घालून. बाजूला नवरा आणि आत्या. मला बघून त्यानं डोळे मोठे केले. हसला नाही. मी आले ह्याचं त्याला नवल वाटलं होतं. मी जवळ बसले तर तो थोडा सरकला, जागा करून दिली.

सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, पण त्यानं मागितलं नाही. सिस्टरनं सुई लावली, हात आपणहून पुढं केला. कमरेचा करदोटा कापायला कात्री आणली तेव्हा आत्याच मधे पडल्या, “त्यो ऱ्हाऊ द्या की बाई.” सिस्टर म्हणाल्या, “आत काही चालत नाही आज्जी.” काळा दोरा गळून खाटेवर पडला. तो बघत राहिला. मग सिस्टरना म्हणाला, “हितं टीव्ही हाय का?”

सगळे हसले. सिस्टर म्हणाल्या, किती गोड आहे. मी हसले नाही. नवऱ्याला सांगावंसं वाटलं की अहो, हा इथं राहायचं कसं ते विचारतोय. पण नवऱ्याच्या हातात कसलेसे कागद होते आणि त्याचं लक्ष दाराकडं होतं. मी पोराच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा म्हटलं, “तू डोळे उघडशील तेव्हा मी इथंच असणार.” तो म्हणाला, “व्हय.” सिस्टरनं बोट पुढं केलं, ते धरून तो चालत आत गेला. इतर पोरं दारात आईला मिठी मारून लोळण घेतात, असं म्हणे. ह्यानं मागं वळूनही बघितलं नाही. किती शहाणं लेकरू, असं तिथल्या मावशी म्हणाल्या, आणि मला त्यांना ओरडून सांगायचं होतं की शहाणं नाही, शहाणं नाही ते.

मी खुर्चीवर बसले. वेळ किती गेला सांगता येणार नाही. ब्लाऊज ओला व्हायला लागला आणि मला समजलं की खाली बाळ भुकेलं असणार. बाईच्या अंगालाच ते आधी कळतं. थोड्या वेळानं भाऊ वर आला. दारातच उभा राहिला, आत यायला लाजत होता. “ताई, ती लई रडती. आईला आवरंना.”

मी म्हटलं, “वर घेऊन ये.”

“आई न्हाय म्हनती. हितं सगळी आजारी पोरं हायती.”

खरंच होती. समोरच्या बाकावर एक पोरगी खोकून खोकून निळी झाली होती. आत्या म्हणाल्या, “जा, पाजून यी. डाक्टर आत्ताच आत गेल्याती. मी हाय हितं.” नवरा म्हणाला, फोन करतो लगेच. सगळं बरोबर होतं. सगळे बरोबर बोलत होते. मी थिएटरच्या दाराकडं बघितलं आणि जिना उतरले.

बाळ रडून लाल झालं होतं. घेतलं, लावलं, तर रडण्याच्या नादात तिला पिताच येईना. मग एकदा प्यायला लागली ती सोडेना. जरा प्यायची, डोळे मिटायची, मी काढायला गेले की पुन्हा चुरूचुरू. मी तिच्याकडं बघत नव्हते, गाडीच्या काचेतून वरच्या खिडकीकडं बघत होते. तिचा राग येत होता मला. एवढ्याशा जिवाचा, जिला कशाचाच पत्ता नव्हता. आणि राग येतोय म्हणून रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून दूध येईना. आई म्हणाली, “शांत हो, बाळाला कळतंय.” मी म्हटलं, “कळू दे. एकाला तरी कळू दे.” ह्या वाक्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

फोन वाजला. “आणलाय बाहेर. ये.”

मी तिला ओढून काढलं. ती किंचाळली. पदर नीट न घेताच मी जिना चढले. तो खाटेवर होता, ओठ कोरडे, हाताला पट्टी. डोळे मिटलेले. मी मनात म्हटलं, वेळेत आले. तर आत्या म्हणाल्या, “उगडलं हुतं डोळं. आमच्याकडं बगितलं समद्यांकडं, येकायेकाकडं. कुनाला तरी हुडकत हुता वाटतं. मग मिटलं.”

त्यांनी साधं सांगितलं. त्यांना काय माहीत? मी खाटेला धरून खाली वाकले. त्याच्या गालाला हात लावला तसे त्यानं डोळे किलकिले केले. मी म्हटलं, “मी आलेय बघ. इथंच होते रे. बाळाला पाजायला जरा खाली गेले होते.” बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं, मी काय कारण देत होते ते.

तो म्हणाला, “व्हय.”

ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर येऊन सांगून गेले, हात जोडावेत असे भले माणूस. आता अडकायची भीती नाही, चार दिवसांत पळायला लागेल. नवऱ्यानं डोळे पुसले. आत्यांनी पर्समधून अंगारा काढून पोराच्या कपाळाला लावला. सगळ्यांच्या जिवात जीव आला. माझ्याही आला, पण सगळा आला नाही. दुपारी तो नारळपाणी प्याला, दोन बिस्किटं खाल्ली. दुखतंय का विचारलं की नाही म्हणायचा. मी त्याच्याशी खूप बोलले. घरी गेल्यावर काय करायचं, काय खायचं, मामाच्या नावानं कसं ओरडायचं. तो भिंतीवर चिकटवलेल्या माकडाच्या चित्राकडं बघत होता.

संध्याकाळी सोडलं. कळंब लांब पडतं म्हणून सगळ्यांनी पिंपळीला जायचं ठरलं. नवरा औषधं आणायला खाली गेला. भाऊ गाडी दारात लावायला गेला. आत्या पिशव्या घेऊन निघाल्या, तर त्यांना जिना उतरवेना, म्हणून आईनं वर येऊन बाळ माझ्या हातात दिलं आणि त्यांच्या पिशव्या घेतल्या. एवढा वेळ ज्या बाळाला दवाखान्याची हवा लागू दिली नाही ते शेवटी असं वर माझ्याकडं आलं. खोलीत मी, बाळ आणि तो, तिघंच राहिलो.

“चल राजा,” मी म्हटलं.

तो खाटेवर पाय सोडून बसला होता. उतरला नाही. मला वाटलं टाका ओढत असेल. “दुखतंय?” त्यानं मान हलवली. मग पाय वर घेतले, दवाखान्याची चादर छातीपर्यंत ओढली आणि समजूतदार आवाजात मला म्हणाला, “जा तू. तिला थंडी वाजंल.”

जे सांगायचं ते सगळं मी आदल्या दिवशी सांगून बसले होते, सकाळी पुन्हा सांगितलं होतं, आणि वेळेवर समोर उभी राहिले नव्हते. आता आणखी काय सांगू? मला एवढंच सुचलं की ह्याला उचलायचं. बोलायचं नाही, उचलायचं. पण त्याला दोन हात लागणार होते. म्हणून मी बाळाला त्याच खाटेवर उशीजवळ ठेवलं, चादर बाजूला केली, टाक्याला धक्का लागू न देता त्याच्या पायांखालून हात घातला आणि त्याला छातीशी घेतलं. तो आधी ताठ राहिला. मग त्याचे हात माझ्या मानेभोवती आले, आणि असे आवळले की श्वास घेता येईना. किती दिवसांनी घेत होते मी त्याला. चप्पल पायात सरकवायला मी दोन पावलं मागं आले.

माझ्या खांद्यावरून त्याला खाट दिसली असणार. त्याची मिठी सुटली. मग म्हणाला, “मम्मी, ती ऱ्हायली.”

“घेते की रे.”

पण त्यानं ऐकलं नाही. सुईला न रडलेलं, आत जाताना न रडलेलं ते पोरगं हंबरडा फोडून रडायला लागलं. हात लांब करून, टाक्याची पर्वा न करता खाली झुकत होतं. “तिला नको ठिवू. ती लई बारकी हाय. तिला हितं भ्या वाटंल. मला ठिव, तिला ने. न्हायतर दोघास्नी ने. मम्मी, दोघास्नी ने की.”

त्याच्या रडण्यानं बाळ जागं झालं आणि तीही रडायला लागली. मी त्याला घेऊन तिथंच खाटेवर बसले, तिला ओढून दुसऱ्या मांडीवर घेतलं. मलाही रडू आवरेना. दोघांना, दोघांना, एवढंच मी म्हणत होते. खाली भाऊ हॉर्न वाजवत होता. मी बऱ्याच वेळानं उठले.